सालसोल ऑर्केस्ट्रा आणि एमएफएसबी: वादक तेच की वेगळे?

बी_बाजू

नमस्कार मंडळी,

सालसोल ऑर्केस्ट्रा या अमेरिकन डिस्को वाद्यवृंदाचे १९७५ ते १९८२ मधले अल्बम ओळीने ऐकले, तर नाव एकच असूनही दोन-तीन वेगवेगळ्या संचांनी वाजवल्यासारखे वाटतात. उलट एमएफएसबी या दुसऱ्या वाद्यवृंदाचं १९७४ चं 'टीएसओपी' (द साउंड ऑफ फिलाडेल्फिया) आणि सालसोलचा पहिला अल्बम लागोपाठ लावला, तर नावं वेगळी पण हात तेच वाटतात. जाणकारांना तीन प्रश्न:

१. या दोन ऑर्केस्ट्रांचा नेमका संबंध काय? वादक पळवले, की एकाच संचाला दोन नावं होती?
२. तो भरलेला आवाज कसा यायचा? ५० जण खरंच एका खोलीत बसून वाजवायचे का? आज घरच्या संगणकावर त्याच्या जवळपास जायचं तर सुरुवात कुठून करावी?
३. जुन्या तबकड्या घ्यायच्या तर अल्बम घ्यावा की १२ इंची सिंगल?

विकिपीडियाची लिंक नको, ती वाचून झाली आहे.

---

चोवीसट्रॅकी

हात तेच वाटतात कारण ते तेच आहेत. या ऑर्केस्ट्राच्या बाबतीत नावाच्या मागे गेलात की गोंधळ होतो. ड्रमच्या स्टुलावर कोण आणि बेस कोणाच्या हातात, एवढं पाहत गेलात की सगळं जुळतं.

मुळात दोन्हींचं गाव फिलाडेल्फिया. कॅमिओ-पार्कवे कंपनीत ध्वनिमुद्रक असलेल्या जो टार्सियाने १९६८ मध्ये २१२ नॉर्थ ट्वेल्थ स्ट्रीटवर सिग्मा साउंड हा स्टुडिओ सुरू केला. केनी गॅम्बल आणि लिऑन हफ या जोडीने १९७१ मध्ये फिलाडेल्फिया इंटरनॅशनल ही कंपनी काढली आणि आपलं बहुतेक काम सिग्मातच केलं. तिथे रोजच्या रोज वाजवणारा एक ठरलेला संच तयार झाला: ड्रमवर अर्ल यंग, बेसवर रॉनी बेकर, गिटारवर नॉर्मन हॅरिस, रोलंड चेंबर्स आणि बॉबी एली, व्हायब्राफोनवर (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) व्हिन्सेंट मोंटाना, कोंगावर लॅरी वॉशिंग्टन, शिवाय पुढे कीबोर्डवर रॉन कर्सी. व्हायोलिन आणि ब्रासची मंडळी गोळा करून आणायचं काम डॉन रेनाल्डोकडे. जुन्या वेष्टनांवर 'डॉन रेनाल्डो अँड हिज स्ट्रिंग्ज अँड हॉर्न्स' अशी ओळ दिसते ती याचीच.

हाच संच ओजेज, हॅरल्ड मेल्विन अँड द ब्लू नोट्स, थ्री डिग्रीज अशा सगळ्या गायक-गटांच्या मागे वाजवायचा. गायक नसलेल्या तबकडीवर काहीतरी नाव छापायला हवं, म्हणून एमएफएसबी: मदर फादर सिस्टर ब्रदर. (त्या चार अक्षरांचा वादकांमध्ये चालणारा दुसरा अर्थ इथे लिहिला तर संपादक धागा उडवतील.) 'टीएसओपी' हे 'सोल ट्रेन' या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचं शीर्षकसंगीत. एप्रिल १९७४ मध्ये ते बिलबोर्डच्या हॉट १०० यादीत पहिलं आलं आणि दोन आठवडे तिथे राहिलं.

आता पैशांचं. स्टुडिओतल्या वादकाला सत्राप्रमाणे मानधन. अमेरिकन वादक संघटनेचं नेहमीचं सत्र तीन तासांचं, दर ठरलेला, हातात पैसे पडले की हिशेब संपला. पण सिग्मातल्या कामाची रीत अशी की तालविभागासमोर बहुतेक वेळा फक्त कॉर्ड लिहिलेला कागद असायचा. बेसची फिरत, गिटारचा तुकडा, मधला ब्रेक (बाकीचे थांबून नुसता ताल उरतो ती जागा) हे सगळं खोलीतच, वाजवता वाजवता सुचायचं. म्हणजे गाणं ज्याने ओळखू येतं तो तुकडा वादकाचा, आणि गीतकार-निर्मात्याच्या रॉयल्टीत त्याचं नाव नाही. बेकर, हॅरिस आणि यंग हे तिघे स्वतः निर्मातेही होते. फिलाडेल्फिया इंटरनॅशनलच्याच छत्राखाली त्यांचं गोल्डन फ्लीस नावाचं छोटं लेबल होतं. तरीही खटका उडाला तो पैशांवरूनच, आणि १९७५ च्या सुमारास संचातला मोठा गट न्यूयॉर्कच्या सालसोलकडे वळला.

सालसोल म्हणजे केअर बंधू: जो, केन आणि स्टॅन्ली. त्यांचा मूळ धंदा लॅटिन संगीताच्या वितरणाचा. 'सालसा' आणि 'सोल' यांची सांगड घालणारं नाव आधी गायक जो बटानच्या अल्बमचं होतं, तेच पुढे लेबलचं झालं. फिलाडेल्फियाच्या तालावर लॅटिन तालवाद्यं चढवून मोठा वाद्यवृंद उभा करायचा, ही कल्पना मोंटाना आणि केन केअर यांची. त्यातून 'सालसोल हसल' आलं, मग १९७५ चा पहिला अल्बम. ध्वनिमुद्रण पुन्हा सिग्मातच! म्हणजे इमारत तीच, ड्रमवादक तोच, बदलली फक्त चेक फाडणारी कंपनी. तुमच्या कानाला फरक लागला नाही यात नवल नाही.

त्या अल्बममधलं 'टँजरीन' १९७६ मध्ये हॉट १०० वर १८ व्या क्रमांकापर्यंत गेलं. ती मुळात १९४१ ची चाल, व्हिक्टर शर्टझिंगर आणि जॉनी मर्सर यांची. जुन्या जमान्यातली ओळखीची चाल घ्यायची आणि तिला चार ठोक्यांवर बसवायचं, हे मोंटानाने पुढेही बरंच केलं; १९७६ चा 'ख्रिसमस जॉलीज' म्हणजे तर सबंध नाताळगीतांचाच खटाटोप. माझ्या मते त्याचं खरं काम 'नाइस एन नास्टी' (१९७६) आणि 'मॅजिक जर्नी' (१९७७) या दोन अल्बममध्ये आहे. दुसऱ्यातलं लोलिएटा हॉलोवेने गायलेलं 'रनअवे' ऐका. व्हायब्राफोन तिथे नुसती सजावट म्हणून नाही, तो गायिकेशी बोलतोय.

१९७८ मध्ये रॉयल्टीच्याच वादावरून मोंटानाने सालसोल सोडलं. ज्या कारणाने आले त्याच कारणाने गेले. नाव मात्र कंपनीच्या मालकीचं, त्यामुळे ऑर्केस्ट्रा 'चालू' राहिला. १९७९ चा 'स्ट्रीट सेन्स' टॉम मोल्टनने केला. त्यातल्या एका तुकड्याचं नावच '२१२ नॉर्थ ट्वेल्थ' आहे, म्हणजे सिग्माचा पत्ता. त्यानंतर 'हाउ हाय' आणि १९८२ चा 'हीट इट अप' वेगवेगळ्या निर्मात्यांच्या हातून निघाले. तुम्हाला वेगळे संच ऐकू येतात ते याचमुळे: १९७८ पर्यंत मोंटाना, मग मोल्टन, मग बाकीचे. केअर बंधू पुढे व्हिडिओ कॅसेटच्या धंद्याकडे वळले आणि १९८५ मध्ये सालसोलचं काम थांबलं.

इकडे एमएफएसबीचंही नाव गॅम्बल-हफकडेच राहिलं. त्यांनी नवा तालविभाग बसवला: ड्रमवर चार्ल्स कॉलिन्स, बेसवर मायकल फोरमन. म्हणून १९७६ नंतरचं एमएफएसबी ऐकून 'हे पूर्वीसारखं का वाटत नाही' असं कुणी विचारलं, तर उत्तर एवढंच की तो ड्रमवादकच नाही.

---

काळी_चार

वरचा प्रतिसाद भारी. दुसऱ्या प्रश्नाचं मी घेतो.

५० जण एका खोलीत? नाही. वेष्टनावरची यादी मोजली तर आकडा तेवढा भरतो, पण ते सगळे एकाच वेळी बसलेले नसायचे. आधी तालविभाग: ड्रम, बेस, दोन-तीन गिटार, पियानो किंवा इलेक्ट्रिक पियानो, बहुधा कोंगाही. हे सगळे एकत्र, एका दमात. त्या टेपवर नंतर दुसऱ्या सत्रात व्हायोलिन वगैरे, वेगळ्या सत्रात ब्रास आणि बासरी, मग व्हायब्राफोन, मग कोरस. (सिग्मातल्या कोरसच्या तिघी, बार्बरा इन्ग्रम, कार्ला बेन्सन आणि इव्हेट बेन्टन, 'स्वीटहार्ट्स ऑफ सिग्मा' म्हणून ओळखल्या जातात.) सिग्मा आठ ट्रॅकवर सुरू झाला, मग सोळा, मग चोवीस. ट्रॅक वाढले नसते तर हा आवाज घडलाच नसता.

आपल्याकडे त्याआधी मुंबईत काय चालायचं ते आठवून बघा. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोव्याच्या अरेंजर मंडळींनी लिहिलेले मोठमोठे व्हायोलिन विभाग होतेच. पण गायक आणि वादक सगळे एकदम, एकाच टेकमध्ये. अंतऱ्यात एकाचा गज चुकला की पुन्हा मुखड्यापासून. त्यातून शिस्त आली, पण वेगवेगळ्या ट्रॅकची टेप मात्र उरली नाही. १९६० च्या आसपासच्या हिंदी गाण्यातली नुसती व्हायोलिनं वेगळी काढून द्या म्हटलं तर ती मूळ टेपवर वेगळी नाहीतच. सालसोलच्या टेपवर ती वेगळी होती, म्हणून तर तिथे रीमिक्सचा धंदा उभा राहिला.

आता घरी कसं करायचं.

वेग ११८ ते १२४ बीपीएम (मिनिटाला ठोके). किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) चारही मात्रांवर, स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) दोन आणि चारवर, आणि हाय-हॅट (झांजांची जोडी) दोन ठोक्यांच्या मध्ये उघडी, ठोक्यावर पायाने बंद. तो 'त्सिप' आवाज म्हणजे अर्ल यंगची सही. १९७३ च्या 'द लव्ह आय लॉस्ट'मध्ये तो स्पष्ट ऐकू येतो आणि डिस्को ड्रमचा साचा म्हणून त्याच गाण्याकडे बोट दाखवतात. बहुतेक जण इथेच घसरतात: उघड्या हाय-हॅटचा नमुना लावतात आणि तो पुढच्या ठोक्यावर कापतच नाहीत. शेपूट पुढच्या किकवर लोंबकळत राहते आणि ताल चिखलात चालल्यासारखा होतो. सॉफ्टवेअरमध्ये उघडी आणि बंद हाय-हॅट एकाच 'चोक' गटात टाका, म्हणजे बंदचा ठोका उघडीला आपोआप तोडेल. उघडी राहण्याचा काळ साधारण चार ठोक्यांच्या बारच्या सोळाव्या भागापासून आठव्या भागापर्यंत. १२० बीपीएमला आठवा भाग म्हणजे ०.२५ सेकंद, त्याच्या पुढे जाऊ देऊ नका.

किक कोरडी हवी. आतमध्ये उशी-कांबळं कोंबल्यासारखी, कारण खालची जागा बेसला द्यायची आहे. बेसने किकबरोबर चारही ठोके मारायचे नाहीत. रॉनी बेकर मोकळी जागा सोडतो, मग सरकत वर जातो आणि सप्तकाची उडी मारतो. किक ठाम आणि बेस फिरता, ही वाटणी उलटी केलीत तर ते पुढच्या काळातलं मशीन-डिस्को होईल. वाईट असं नाही, पण हे नव्हे.

गिटार तीन आणि तिघांची कामं वेगळी. एक तारा दाबून नुसती सोळाव्या भागाची खरड. दुसरी दोन आणि चारवर तुटक कॉर्ड. तिसरी जॅझ पद्धतीने सप्तकाच्या जोडीत चाल वाजवणारी, नॉर्मन हॅरिसची ती खासियत. तिन्ही एकाच सुरावटीच्या उंचीवर वाजवल्या की आवाज मोठा होत नाही, नुसता जाड होतो.

व्हायोलिन हा सगळ्यात फसवा भाग. संगणकातल्या 'स्ट्रिंग्ज'वर दोन्ही हातांनी जाड कॉर्ड दाबून ठेवली की तो आवाज कधीच येणार नाही. फिलाडेल्फियाच्या व्हायोलिनांकडे बहुतेक वेळा चाल असते, कॉर्ड नसते. गायकाची ओळ संपली की उत्तर द्यायचं, दोन ओळींच्या मध्ये वर झेप घ्यायची, पुन्हा गप्प बसायचं. पहिली व्हायोलिनं वर, दुसरी एक सप्तक खाली तीच ओळ, व्हायोला तिसऱ्या सुरावर, चेलो स्वतःची छोटी प्रतिचाल घेऊन. डबल बास ठेवूच नका, तिथे बेस गिटार बसलेली आहे. खरे वादक मिळत असतील तर ८ व्हायोलिन, २ व्हायोला, २ चेलो एवढ्यावर काम होतं: तोच भाग दोनदा वाजवून घ्या आणि दुसऱ्या वेळी सगळ्यांना जागा बदलून बसवा. जागा न बदलता दुसरा टेक घेतला तर माइकला तोच वादक त्याच अंतरावर दिसतो आणि आवाजात रुंदी येत नाही. नमुन्यांवर करत असाल तर दोन वेगळ्या कंपन्यांची लायब्ररी घ्या, एकच लायब्ररी दोनदा नको; तंतोतंत तेच नमुने एकमेकांवर पडले की पोकळ, नळीतून आल्यासारखा आवाज येतो. २०० हर्ट्झच्या खालचं कापा. सगळे सूर घडीवर जिथल्या तिथे बसवण्याचा मोह आवरा. मोठा गट नेहमी किंचित मागे असतो. १५-२० मिलिसेकंद मागे सरकवलं की पुष्कळदा तेवढ्यानेच जिवंत वाटतं.

ब्रासमध्ये २-३ ट्रम्पेट, २ ट्रॉम्बोन, आणि जमलं तर फ्रेंच हॉर्न. लोक फ्रेंच हॉर्न विसरतात. व्हायोलिन आणि ट्रॉम्बोन यांच्यामधला खड्डा तेच भरतात, आणि तो खड्डा राहिला की सगळं 'कॅसिओ' वाटायला लागतं.

व्हायब्राफोन शेवटी. चालीतले निवडक सूरच गिटार किंवा पियानोबरोबर एकत्र वाजवायचे. व्हायब्राफोनमध्ये आवाज थरथरवणारी मोटर असते, ती हळू. लॅटिन तालवाद्यांतलं काउबेल आणि ग्वीरो एका बाजूला, कोंगा दुसऱ्या बाजूला. कोंगा आणि हाय-हॅट एकाच बाजूला ठेवलीत तर दोन्ही एकमेकांना खातात.

रिव्हर्ब (घुमारा) प्लेट प्रकारचा, म्हणजे धातूच्या पत्र्यावरून घेतलेला, तोही व्हायोलिन आणि कोरसला सढळ हाताने. किक आणि बेसला शून्य. तालविभाग कोरडा आणि पुढे, वाद्यवृंद ओला आणि मागे. त्या जमान्यातले मिक्स इतके मोठे वाटतात त्याचं निम्मं कारण हे.

---

निवांत

चोवीसट्रॅकींनी १९८२ पर्यंत आणून सोडलं, पण ऑर्केस्ट्राचा सगळ्यात गाजलेला तुकडा त्यानंतर कोर्टात गेला. पहिल्या अल्बममधलं 'शिकागो बस स्टॉप (ऊ, आय लव्ह इट)' हे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला शेप पेटिबोन या रीमिक्स करणाऱ्याने नव्याने बांधून 'लव्ह ब्रेक' म्हणून काढलं. त्याच पेटिबोनने १९९० मध्ये मडोनाबरोबर 'व्होग' केलं. हक्क पुढे व्हीएमजी सालसोल या कंपनीकडे आले. तिने २०१२ मध्ये दावा लावला की 'लव्ह ब्रेक'मधला ब्रासचा एक ठोका 'व्होग'मध्ये उचलला आहे.

लांबी किती? ०.२३ सेकंद. वर काळी_चार यांनी सांगितलेल्या आठव्या भागाहूनही कमी! मूळ ठोका बी-फ्लॅटमध्ये, 'व्होग'मध्ये तो अर्धा सूर वर चढवलेला, आणि वर इतर आवाजांचं पांघरूण. २ जून २०१६ रोजी अमेरिकेतल्या नवव्या सर्किटच्या (विभागाच्या) अपील न्यायालयाने २ विरुद्ध १ मतांनी निकाल दिला की इतकी नकल क्षुल्लक आहे, सर्वसाधारण श्रोत्याला ती ओळखूच येणार नाही, म्हणून हक्कभंग नाही. २००५ मध्ये सहाव्या सर्किटने ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत नेमकं उलटं ठरवलं होतं: कितीही छोटा तुकडा घ्या, परवाना हवाच. त्यामुळे अमेरिकेत दोन न्यायालयांची दोन मतं पडली.

घरी काही बनवून प्रसिद्ध करणाऱ्यांनी हा निकाल म्हणजे मोकळं रान समजू नये. तो एका ठोक्यापुरता आहे. आठ मात्रांचा ब्रेक उचलून फिरवलात तर तो 'क्षुल्लक'मध्ये बसत नाही.

---

बी_बाजू

सर्वांचे मनापासून आभार, धागा वाचनखुणांत टाकला. तिसरा प्रश्न राहिलाय. आणि एक नवा: डीजे सॉफ्टवेअरमध्ये ही गाणी टाकली की सुरुवातीला ठोके जुळतात, मिनिटभराने सुटतात. फाइल खराब आहे की वेग चुकीचा मोजला जातोय?

---

सुईधागा

१२ इंची. फक्त ऐकायचं असेल तर अल्बम चालेल, पण डान्स फ्लोअरसाठी केलेलं मिक्स हवं असेल तर १२ इंचीला पर्याय नाही.

त्याचं कारण खोबणीत आहे. खालचे सूर कोरायला खोबण रुंद हलवावी लागते, म्हणजे शेजारच्या खोबणीपासून अंतर जास्त लागतं. अल्बमच्या एका बाजूला १८ ते २० मिनिटं असतील तर ठीक. २५ च्या पुढे गेलं की कोरणारा माणूस एक तर एकूण पातळी खाली आणतो, नाही तर बेस छाटतो. १२ इंची सिंगलवर एका बाजूला ६ ते १० मिनिटंच असतात, जागा मुबलक, पातळी वर. ७ इंचीवर तेच गाणं तीन-साडेतीन मिनिटांत कोंबलेलं असतं.

शिवाय वेग. ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीवर बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खोबण सरकते, आतल्या टोकाला जेमतेम २१. त्यामुळे बाजूचं शेवटचं गाणं नेहमी चिरकतं, विशेषतः हाय-हॅट आणि कोरसमधले 'स'. सालसोलच्या अल्बमवर आवडतं गाणं बाजूच्या शेवटी असेल तर त्याची १२ इंची प्रत शोधाच.

इतिहासाच्या दृष्टीनेही १२ इंची सालसोलचीच म्हणायला हवी. मोठ्या तबकडीवर एकच गाणं कोरायची युक्ती टॉम मोल्टनची, १९७४ च्या सुमाराची, पण त्या प्रती फक्त डीजेंसाठी. दुकानात विकायला आलेली पहिली १२ इंची म्हणजे मे १९७६ मधली डबल एक्सपोजरची 'टेन पर्सेंट', क्रमांक १२डी-२००८. मिक्स वॉल्टर गिबन्स या डीजेचं, लांबी नऊ मिनिटांच्या वर. मागे वाजवणारे हेच आपले बेकर, हॅरिस, यंग. गिबन्सने १९७७ मध्ये लोलिएटा हॉलोवेच्या 'हिट अँड रन'ला हात घातला तेव्हा त्याला मूळ बहुट्रॅक टेप मिळाली. गाण्याची कडवी आणि व्हायोलिनं बरीचशी काढून टाकून त्याने ड्रम आणि गायिकेच्या उत्स्फूर्त तानांवर अकरा मिनिटांच्या आसपासचं मिक्स उभं केलं. ते गोल्ड माइंड या लेबलवर आहे, नॉर्मन हॅरिसचं, सालसोलच्या छत्राखालचं. विकत घेताना नुसतं 'सालसोल' शोधलंत तर ते निसटेल.

प्रत पाहताना: लेबलजवळच्या कोऱ्या पट्टीवर कोरलेला क्रमांक वाचा, वेष्टनावर विसंबू नका. त्या पट्टीवर फ्रँकफर्ड/वेनचा शिक्का दिसला तर त्या काळच्या फिलाडेल्फिया-न्यूयॉर्कच्या कोरणाऱ्यांकडून निघालेली तबकडी, बहुधा दणदणीत. तबकडी दिव्याखाली तिरपी धरा. डीजेंनी वापरलेल्या १२ इंचीत ब्रेकच्या जागी खोबण करडी झालेली दिसते, कारण तोच तुकडा पुन्हा पुन्हा मागे फिरवलेला असतो. बाकी तबकडी आरशासारखी चकचकीत आणि मध्येच एक करडा पट्टा, तर किंमत पाडून मागा. तो पट्टा धुऊन जाणार नाही. आणि १२ इंची दिसली म्हणजे ४५ फेऱ्यांचीच असेल असं धरून चालू नका, ३३⅓ च्याही आहेत. लेबल वाचा.

नव्याने काढलेल्या प्रतींबद्दल: चांगल्या आहेत, पण मूळ टेपचं वय झालंय. १९७० च्या मध्यानंतरच्या बऱ्याच टेपांचा लेप ओल धरून चिकट होतो आणि टेप तशीच चालवली तर यंत्राच्या हेडला (टेप वाचणाऱ्या भागाला) माखतो, लेप निघतो, आवाज कायमचा जातो. म्हणून आधी ५०-५५ अंश सेल्सिअसला काही तास 'भाजून' लगेच उतरवून घेतात. ज्या आवृत्तीवर 'मूळ बहुट्रॅकवरून नवं मिक्स' लिहिलेलं असेल ते आजचं मिक्स आहे, १९७६ चं नव्हे. दोन्ही आपापल्या जागी. फक्त कोणतं घेतोय ते कळायला हवं.

---

चोवीसट्रॅकी

फाइल खराब नाही. तालविभाग बहुतेक वेळा क्लिकशिवाय (कानात ठोके देणाऱ्या यंत्राशिवाय) वाजवायचा, त्यामुळे वेग थोडा हलतो. बहुधा कोरस आला की चढतो आणि ब्रेकमध्ये किंचित बसतो. सॉफ्टवेअर मात्र सबंध गाण्याला एकच आकडा चिकटवतं. हिशेब बघा: आकडा १२० धरला आणि प्रत्यक्षात वेग १२०.५ असला, तर ३२ बारना, म्हणजे १२८ ठोक्यांना, ६४ ऐवजी ६३.७३ सेकंद लागतात. पाव सेकंदाहून जास्त फरक. १२० ला एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे मिनिटभरातच तुम्ही अर्धा ठोका बाहेर. किकवर समोरच्याची हाय-हॅट येऊन पडते.

उपाय: सॉफ्टवेअरने आपोआप बसवलेली ठोक्यांच्या खुणांची जाळी पुसा आणि 'बदलता वेग' हा पर्याय चालू करा. पहिल्या बारच्या पहिल्या किकवर खूण ठेवा. मग दर ८ बारला थांबून किक खुणेवर आहे का ते लाटेचं चित्र मोठं करून बघा, नसेल तिथे नवी खूण. ब्रेकच्या सुरुवातीला आणि शेवटी खूण हवीच, वेग तिथेच सगळ्यात जास्त हलतो. किक नसलेल्या जागी स्नेअर धरा, व्हायोलिन किंवा ब्रास धरू नका, ते मागे असतात. सात मिनिटांच्या गाण्याला २०-२५ खुणा पुरतात. सगळे ठोके बळजबरीने सरळ करणारं 'क्वांटाइझ' मात्र वापरू नका; ड्रम सरळ होतो, पण त्याच्याबरोबर व्हायोलिनं ताणली-दाबली जातात आणि लांब सुरांत थरथर ऐकू येते.

तबकडीवरून स्वतः उतरवून घेत असाल तर आधी प्लेअरचा वेग तपासा. प्लेअर अर्धा टक्का जलद असेल तर १२० चं १२०.६ होतं, तेही शेवटपर्यंत एकसारखं. एकसारखा फरक असेल तर तो प्लेअरचा, बदलता असेल तर अर्ल यंगचा. पण दर फेरीगणिक, म्हणजे साधारण १.८ सेकंदांनी, वर-खाली होत असेल तर तबकडीचं भोक मध्यावर नाही.